दोन खाटांची खोली

४ फेब्रुवारी

एजंट साडेदहाला येतो म्हणाला होता. आला सव्वाला! मी साडेनऊपासून धुतलेला सदरा घालून दारात. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की उठायचे, पुढे गेली की बसायचे. गुडघे कामातून गेले.

आला तो दोन्ही कानांना दोन फोन लावून, बुटांसकट आत. सेंटचा वास असा की स्वयंपाकघरातल्या माश्या बाहेर पडल्या. "काका, टेन्शन घ्यायचं नाही. टेन्शन माझ्यावर सोडायचं." सोडले असते. पण ते धरायला त्याचा एक हात तरी मोकळा हवा ना!

घर बघून झाले अकरा मिनिटांत. मी घड्याळ लावले होते. खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, वर एक खोली. मला बांधायला चार वर्षे लागली, कामावरून आल्यावर रोज थोडे थोडे. पाइप तर एकूण एक माझ्या हातचा. छत्तीस वर्षे पाणीखात्यात फिटर होतो, दुसऱ्याला हात लावू देतो की काय!

न्हाणीपाशी थांबला. "उंबरा जरा उंच आहे."

मी म्हणालो, "हो. इथेच ही पडली."

त्याने लगेच ओठांवर बोट ठेवले. "काका, इथं कुणीही पडलेलं नाही. लक्षात ठेवा."

६ फेब्रुवारी

हिला भेटून आलो. दोन बस आणि वर वीस मिनिटे चालणे. गुरुवार आणि रविवार, तीन ते पाच, एवढीच भेटीची वेळ.

वृद्धाश्रम हा शब्द लिहायला हात धजत नाही. पण वहीशी खोटे कशाला बोलू. ऑक्टोबरात पडली, खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यातून घरी आणली तर मला उचलता येईना. एकदा हातातून निसटली. ती काही बोलली नाही. ओरडलो मी! शेजारीपाजारी गोळा झाले, त्यांना वाटले मीच पडलो. मग लेकीने ही जागा शोधली. ती परगावी नोकरीला, तिला तरी कुठे जमणार. "बाबा, तिथं उचलायला बायका आहेत." खरेच होते.

आज तिथल्या मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावले. सगळा कारभार त्यांच्याकडे असतो. वाटले, हिचेच काहीतरी! पण बातमी चांगली निघाली. ही सध्या सहा बायकांच्या हॉलमध्ये आहे. तळमजल्यावर दोन खाटांची एक खोली आहे, मोठ्या खिडकीची, ती मार्चअखेर रिकामी होते. शक्यतो नवराबायकोला देतात. अनामत रक्कम एकदम भरायची. "एकतीस मार्चपर्यंत मी बाहेरच्या कुणाला शब्द देत नाही," म्हणाल्या. "पुढचं माझ्या हातात नाही."

एवढे पैसे घर विकल्याशिवाय माझ्याकडे येणार कुठून. अंदाज होताच, म्हणून तर एजंटला आधीच बोलावून ठेवला. आता तारीखही ठरली.

परत येताना बसमध्ये मनातल्या मनात खोली लावली. हिची खाट खिडकीकडे. माझी दाराकडे — रात्रीबेरात्री काही लागले तर आधी माझे पाय खाली. माझी ट्रंक खाटेखाली जाईल की नाही, ते मोजायला हवे.

हिला सांगितले तर बघतच राहिली. "घर विकणार? तुम्ही?" मग, "अहो, घाई करू नका."

स्वतःचे एवढे दुखणे, आणि काळजी माझी!

८ फेब्रुवारी

एजंट फोटो काढायला आला. उशीर फक्त दीड तास. सुधारणा आहे.

दोन दिवस बसून मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. माझ्यानंतर येणाऱ्याला कळायला नको? एकूण सव्वीस झाल्या. अक्षर माझे सहावीतच राहिले, पण वाचता येते. "हा नळ हळू बंद करा. जोर लावाल तर वॉशर जाईल." "मुख्य कॉक जिन्याखाली. उलटा बसला आहे, उजवीकडे फिरवल्यावर चालू होतो. चूक माझी." "ही भिंत ओली होते. घाबरू नये."

एजंट एकेक वाचत वरपर्यंत गेला, खाली आला. "काका, हे घर आहे का बसस्टँड? सूचनाच सूचना!" ओढून काढल्या सगळ्या. दोन ठिकाणी रंगसुद्धा निघाला.

हिची खाट मागच्या खोलीत ढकलली. वॉकर, औषधांचा डबा, गरम पाण्याची पिशवी सगळे पोत्यात. "फोटोत आजारपण दिसता कामा नये." हिचा जुना चष्मा खिडकीत होता. तो मी त्याच्या आधी उचलला आणि खिशात घातला. अजून खिशातच आहे.

तो गेल्यावर चिठ्ठ्या परत चिकटवल्या. खळ उरली होती थोडी.

१० फेब्रुवारी

हिला पाच वेळा फोन केला. चार वेळा आली. पाचव्यांदा फोनवरची बाई म्हणाली, "आजोबा, त्यांना वॉकर घेऊन अख्खा व्हरांडा चालत यावं लागतं हो!" बरे वाटतेय का, एवढेच विचारायचे होते.

१२ फेब्रुवारी

पहिली पार्टी आली. एजंट माणसांना पार्टी म्हणतो, एकटा माणूस असला तरी पार्टी. हे दोघे होते. तरुण नवराबायको, ती पोटुशी.

एजंटचे सुरू — "हवा खेळती, शेजार सोन्यासारखा, पाणी चोवीस तास." माझ्याच्याने राहवले नाही. पाण्याबद्दल खोटे! "चोवीस नाही, साडेपाच ते आठ," म्हणालो. एजंट हसला. "काकांना विनोदाची सवय आहे." मग ती बाई न्हाणीकडे निघाली. तिचे ते पोट, आणि तो उंबरा. "बाई, जपून! माझी बायको इथेच पडली, खुबा गेला तिचा. आणि ती तर रोज वावरणारी."

तिने नवऱ्याचा दंड धरला. झाले. चहासुद्धा न घेता गेले.

रस्त्यावर एजंट मला म्हणाला, "काका, तुम्ही घर विकताय का त्याच्या आजारपणाची फाइल वाचून दाखवताय?"

"पोटुशी बाई ती. सांगायला नको?"

"सांगायचं ना! ताबा दिल्यावर सांगायचं!"

१५ फेब्रुवारी

नवा नियम निघाला. पार्टी येणार असली की मालकाने घरात थांबायचे नाही. किल्ली एजंटकडे. मी समोरच्या इस्त्रीवाल्याच्या बाकावर.

१८ फेब्रुवारी

अकरा ते एक बाकावर. इस्त्रीवाला म्हणतो, "काय आजोबा, स्वतःच्याच घरावर पहारा?" मग आपणच ओशाळून पाणी दिले प्यायला.

एजंटने भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले होते. उजेड दिसावा म्हणून. वरच्या खिडकीत कुणीतरी बाई येऊन उभी राहिली, हात गजावर ठेवून. मला क्षणभर वाटले — जाऊ दे. पार्टीतलीच होती.

घर त्यांना पसंत पडले नाही. चिठ्ठ्या परत काढलेल्या होत्या. परत चिकटवल्या.

२० फेब्रुवारी

गेलो तर ही हॉलमध्ये नाही. धावत ऑफिसात, तर तिथली बाई हसून म्हणाली, व्हरांड्यात बघा. व्हरांड्यात चौघीजणींचा पत्त्यांचा डाव. ही खुर्चीत पुढे वाकून बसलेली, पाने छातीशी धरून. आणि हसत होती. पन्नास वर्षांत मी हिला पत्ते खेळताना पाहिले नाही. "तुला येतात?" म्हणालो. "लहानपणी यायचे," म्हणाली. "आठवले."

शेजारच्या खाटेवरच्या एक मास्तरीणबाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याशी हिचे फार जमते. त्या मला म्हणाल्या, "बसा की भाऊ, डाव संपेस्तोवर." बसलो. गार वारा होता, हिची शाल खाली सरकलेली. दोनदा वर ओढून दिली. तिसऱ्यांदा हिने माझा हात बाजूला केला. पाने दिसत होती ना मला, म्हणून असेल.

तब्येत मात्र सुधारली आहे. मोठ्या बाई म्हणतात वजन वाढले. जेवण तरी नीट मिळतेय. बरे झाले.

२२ फेब्रुवारी

एजंटने किल्ली हरवली!! मी तासभर माझ्याच घराबाहेर. "मिळेल काका, कुठं जाते." शेवटी त्याच्या स्कूटरच्या डिकीत, सेंटच्या बाटलीखाली.

२३ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं जायलाच हवं का? आई ठीक आहे तिथं." मी म्हणालो, ठीक कसली, सहा बायकांत एकटी पडली आहे ती. लेक म्हणाली, "आईशी नीट बोललात का?" म्हणालो, रोजच बोलतो! ती काहीतरी बोलणार होती, पण तिला कामावरून हाक आली.

३ मार्च

आठ दिवस एजंटचा पत्ता नाही. फोन उचलत नाही. एकदा उचलला आणि म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे," आणि मागे क्रिकेटची कॉमेंट्री!

शेवटी त्याचे ऑफिस शोधत गेलो. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातले एक टेबल. त्यावर त्याचा डबा आणि त्याच्याच फोटोचे कॅलेंडर. मला बघून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला फोनशिवाय पाहिला.

मी आवाज चढवला. अठ्ठावीस दिवस उरलेत म्हणालो. माझी खोली जाईल म्हणालो. झेरॉक्सवाला मशीन थांबवून ऐकत होता.

एजंट म्हणाला, "काका, बसा. खरं सांगू? आता विकू नका. मेमध्ये बदल्या होतात, लोक तेव्हा घरं बघतात. आता घाई केलीत तर मातीमोलाने जाईल. दोन महिने थांबा."

"मला मे काय करायचाय! एकतीस मार्च आहे माझा."

"काकूंना विचारा ना एकदा. थांबतील त्या दोन महिने."

याला काय कळते. लग्न नाही, बिग्न नाही. हिला तिथे एकटीला दोन महिने ठेवायचे आणि वर हिलाच विचारायचे, थांबतेस का! ती हो म्हणणारच. तिने उभ्या जन्मात मला कशाला नाही म्हटले आहे?

६ मार्च

हिने नखे कापून घेतली होती. तिथल्या बाईने कापली. ते मी करायचो.

१२ मार्च

आज जे झाले ते एजंटला कसे सांगू?

सकाळी दारावर एक मनुष्य. जाहिरात वाचून आपला आपण आलेला. लेथ मशीनवर काम करतो, बोटांच्या पेरांत काळे गेलेले. माझेही तसेच असायचे. म्हणून बरे वाटले. आत घेतला. खिशातून पेन्सिल काढली आणि एकेक चिठ्ठी वाचू लागला. मोठ्याने! "भिंत ओली होते. बरं." वहीत टिपले. "कॉक उलटा. बरं." टिपले. वरच्या मजल्यापर्यंत सगळ्या सव्वीस. मी आपला मागे मागे, आणि त्याला न दिसलेले दोन दोष तोंडी सांगितले.

खाली बसून त्याने बेरीज मांडली. दुरुस्तीला इतके, याला इतके. मग किंमत बोलला. माझ्या मनातल्यापेक्षा खूपच कमी. पण म्हणाला, "पैसे तयार आहेत. महिनाअखेर कागद."

महिनाअखेर! मी हो म्हणालो.

जाताना म्हणाला, "आजोबा, तुमच्यामुळं माझं वर्षभराचं काम वाचलं." मनापासून म्हणाला.

१३ मार्च

एजंट घरी आला. वेळेवर! भिंतीवरची एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "स्वतःच्या हातानं सव्वीस पुरावे लिहून दिलेत, काका. आता मी कशावर भांडू?"

मग बसला. चहा केला, तो प्याला. फोन दोनदा वाजला, घेतला नाही. म्हणाला, अजून काही लिहून दिलेले नाही, मोडू या. माझी एक पार्टी आहे, पंधरा दिवस द्या. मी नको म्हणालो. "एवढी काय घाई आहे हो तिथं जायची?" असे विचारले त्याने. चेष्टेने नाही. म्हणालो, घरात आवाज होत नाही. त्याने कप विसळून ठेवला.

दलाली मात्र पूर्ण घेणार आहे. विचारून घेतले.

१५ मार्च

इसार घेतला. लेथवाल्याने बायकोला आणले होते. ती न्हाणीत गेली, उंबऱ्यावर पाय ठेवून बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, "हा आधी फोडायचा." एवढ्या वर्षांत हे मला सुचू नये? एका सकाळचे काम होते. छिन्नी-हातोडा घरात होता.

जेवलो नाही.

१६ मार्च

हिला इसाराचे सांगितले. किती वाजता आले, कोण काय म्हणाले, कागद कधी, ताबा कधी. सगळे. मध्ये ती दोनदा "अहो, ऐका ना," म्हणाली. मी म्हणालो, थांब, पुढचे तर ऐक. मग पाच वाजले आणि घंटा झाली. दारापाशी आठवले आणि विचारले, काय म्हणत होतीस? म्हणाली, "काही नाही. तुम्ही जेवत जा वेळेवर."

२१ मार्च

एजंट रोज फोन करतो आता! नको तेव्हा. कागदांच्या दोन प्रती आणा. तीन आणा. फोटो आणा — हसरा नको. हसरा कुठून आणू.

२५ मार्च

कागद झाले.

सही करायला मला वेळ लागतो. जीभ बाहेर येते. ही बघायची आणि तोंडावर हात ठेवून हसायची. आज कुणी हसले नाही. कारकून म्हणाला, "सावकाश, आजोबा." सात ठिकाणी सह्या. शेवटच्या सहीला माझे नाव मलाच परके वाटू लागले. एजंट मागे उभा होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. आज त्याच्या सेंटचा वास आला नाही. सवय झाली असावी.

ताबा दहा एप्रिलला.

२६ मार्च

बांधाबांध. पन्नास वर्षे जमवलेले, दोन ट्रंकांत बसवायचे. भांडी शेजारच्यांना. हत्यारे लेथवाल्याला, त्याला कळते तरी. पान्हा एक ठेवला. तिथले नळ कसे आहेत कोण जाणे.

स्वयंपाकघरातला हिचे बुटके स्टूल कुणी घेईना. त्याचे पाय मीच कापले होते, हिच्या उंचीला.

हिला फोन करून विचारले, काय काय आणू? म्हणाली, "माझं इथं सगळं आहे. काही आणू नका." तिला मला ओझे द्यायचे नाही. तरी दोन चादरी घेतल्या, एकसारख्या. दुकानदार म्हणाला, निळ्या घ्या, मळ दिसत नाही. निळ्या घेतल्या.

उद्या चेक घेऊन जायचे. एकतीसला पाच दिवस आहेत अजून. जमले! वाटले नव्हते. जमले!

२७ मार्च

मोठ्या बाईंनी चेक घेतला नाही. म्हणाल्या, आधी आजींशी बोला.

खोली हिने मागून घेतली आहे. पंधरा दिवस झाले. एक खाट हिची, एक मास्तरीणबाईंची.

"रागावू नका," म्हणाली. "मला इथं झोप लागते."

पाच वाजेपर्यंत बसलो. माझा हात तिने धरून ठेवला होता.

येऊन एजंटला फोन केला. दहा एप्रिलच्या आत भाड्याने एक खोली बघ म्हणालो. माणसे किती, असे त्याने विचारले.

एक म्हणालो.